‘आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’

हल्ली कोणाशीही खासगीपणाविषयी बोलायला जावे, तर पहिल्या दोन मिनिटांत एक वाक्य हमखास कानी पडते : “आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?” बोलणारा माणूस प्रामाणिक असतो. त्याने कोणाचे काही चोरलेले नसते, पतपेढीचे हप्ते वेळेवर भरलेले असतात, रविवारची मिस्सा चुकवलेली नसते. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपने त्याची छायाचित्रे, त्याच्या ओळखीपाळखीच्या लोकांचे क्रमांक, त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटा मागितल्या, तर तो होकाराच्या चौकोनावर अंगठा टेकवतो आणि पुढे सरकतो. या वाक्यामागे एक निर्मळ अभिमान आहे हे मला मान्य आहे. तथापि त्या अभिमानाच्या पोटात एक मोठा गैरसमज दडलेला आहे आणि त्याच्याशी भांडावे म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. माहिती ज्याच्या हातून दिली जाते ती त्याचीच असते, आणि म्हणून ती देण्याचा अधिकारही त्याचाच असतो, हा तो गैरसमज.

साधे उदाहरण संपर्कयादीचे घ्या. तुमच्या फोनमध्ये चारशे क्रमांक असतील, तर त्यांतला तुमचा एक. उरलेले तीनशे नव्व्याण्णव दुसऱ्यांचे. त्यांत तुमच्या डॉक्टरांचा खासगी क्रमांक असतो, माहेरी परत आलेल्या एखाद्या भाचीचा असतो, दारू सोडण्यासाठी धडपडणाऱ्या मित्राचा असतो. ती यादी एखाद्या कंपनीला देताना “माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही” असे म्हणणे म्हणजे शेजाऱ्याची किल्ली परक्याच्या हाती देताना “माझ्या घरात सोने नाही” असे म्हणण्यासारखे आहे.

परंतु संपर्कयादीचे हे प्रकरण आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर कोणी थबकत नाही. म्हणून मी मुद्दाम छंदांकडे वळतो. छंद ही माणसाची सर्वांत निरुपद्रवी बाजू. टपाल तिकिटे, जुनी नाणी, काडेपेट्यांवरची चित्रे जमवणाऱ्याचा आजवर शेजाऱ्याला कधी उपद्रव झाला नाही. झालाच तर घरच्यांना, आणि तोही कपाटातल्या जागेपुरता. छंदिष्टाची वही त्याच्या खणात राहत असे. आता ती वही त्याच्या खणात राहत नाही, इतकाच फरक पडला आहे; पण तो ‘इतकाच’ फार मोठा आहे.

धावण्याचा छंद पाहा. व्यायाम करणारे पुष्कळ लोक मनगटी यंत्रात आपली रोजची रपेट नोंदवतात. स्ट्राव्हा नावाच्या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा सुमारे शंभर कोटी नोंदींचा एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यावर कोणाचेही नाव नव्हते, फक्त उजळ रेघा होत्या. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले की अफगाणिस्तान, सीरिया यांसारख्या देशांत, जिथे नकाशा जवळपास काळोखा दिसायला हवा, तिथे काही ठसठशीत आकृती उजळल्या आहेत. ते लष्करी तळ होते. कुंपणालगत सकाळी धावणाऱ्या जवानांनी आपापल्या पायांनी तळाची हद्द आखून दिली होती. त्यांतल्या प्रत्येकाला विचारले असते तर त्यानेही हेच म्हटले असते, की मी फक्त धावलो. त्यात लपवायचे ते काय?

मात्र जवान, तळ आणि नकाशे आपल्यापासून दूर आहेत. माझा खरा रोख आहे तो आपल्या घरांत शिरलेल्या एका छंदाकडे. तो छंद म्हणजे वंशावळ.

उत्तर कोकणातल्या आपल्या कुटुंबांना मुळांची ओढ आहे आणि तिला सबळ कारण आहे. वसईचा मुलूख १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ साली मराठ्यांनी तो जिंकून घेतला. त्या दोनशे वर्षांत आपल्या पूर्वजांची नावे बदलली, आडनावे बदलली. मागचे धागे कुठे जोडायचे, आपण मूळचे कोण, कोणत्या आळीतून कोणत्या आळीत आलो, हे प्रश्न विचारणारा एकतरी मामा किंवा काका प्रत्येक घराण्यात असतोच. तो म्हाताऱ्यांपुढे तासन्‌तास बसतो, दफनभूमीतल्या झिजलेल्या शिळा ओलसर फडक्याने पुसून वाचतो, फादरांना गळ घालून बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतला एखादा दाखला मिळवतो. या माणसाविषयी मला मनापासून आदर आहे. आपल्या समाजाचा जो काही इतिहास उरला आहे, त्यातला बराच भाग या हौशी लोकांनी सांभाळलेला आहे.

आता त्या काकांचा टोरांटोत किंवा मेलबर्नला राहणारा पुतण्या नाताळची भेट म्हणून एक डबी पाठवतो. तिकडे नाताळच्या सुमारास अशा डब्या सवलतीच्या दरात विकल्या जातात. डबीत एक नळी असते. नळीत लाळ भरायची, झाकण लावायचे, टपालाने धाडायची. काही आठवड्यांनी उत्तर येते : तुमच्यात अमुक टक्के हे रक्त, तमुक टक्के ते, आणि हे पाहा तुमचे आजवर न भेटलेले नातेवाईक.

टक्केवारीविषयी जाता जाता दोन शब्द. ती टक्केवारी म्हणजे तुमच्या नमुन्याची कंपनीजवळच्या नमुन्यांशी केलेली तुलना. कंपनीने आपला साठा सुधारला की तुमचे ‘रक्त’ही बदलते; गेल्या वर्षी आठ टक्के असलेला पूर्वज यंदा नाहीसा झाला, असे अनुभव ग्राहकांना नेहमी येतात. आणि आपल्याकडे पुष्कळांना जी उत्सुकता असते, ती शमवण्यासाठी तर नळीची गरजच नाही. आडनाव पोर्तुगीज म्हणून रक्त पोर्तुगीज असे समजणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव घेण्याची चाल होती. आडनाव पाण्याबरोबर आले, रक्तावाटे नव्हे.

असो. त्या नळीत नेमके काय जाते ते समजून घेऊ. माणसाच्या पेशीतला आनुवंशिक मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा असतो. कंपनी त्यातल्या, माणसामाणसांत वेगळ्या असणाऱ्या, काही लाख जागा वाचते. सख्ख्या भावंडांचा निम्म्याच्या आसपास मजकूर एकसारखा असतो. चुलत, आते, मामे, मावस भावंडांचा सरासरीने आठवा हिस्सा. खापरपणजोबा एक असलेल्या, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन माणसांतही बहुधा ओळखू येण्याइतका तुकडा सामाईक राहतो. म्हणजे पुतण्याने नळी भरली तेव्हा त्याने आपल्या बापाविषयी, काकाविषयी, आत्याविषयी आणि तिच्या मुलांविषयी काहीतरी लिहून दिले. त्यांतल्या एकालाही त्याने विचारले नाही. विचारायचे असते हेच त्याला ठाऊक नसते, कारण डबीवर फक्त त्याची सही मागितलेली असते.

हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. सुमारे १२ लाख ८० हजार माणसांच्या नमुन्यांचा अभ्यास करून संशोधकांनी दाखवले की अशा साठ्यात, मूळ युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी जवळजवळ साठ टक्के लोकांचा खापरपणजोबा सामाईक असलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक सापडतो. ज्यांनी कधीच नळी भरली नाही, त्यांचाही माग त्यातून काढता येतो. आपला समाज तर लहान. पिढ्यान्‌पिढ्या पाचपन्नास गावांतच सोयरिकी झालेल्या. अशा समाजात एकेका नमुन्यातून किती घरांचे दार किलकिले होत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता कंपनीकडे वळू, कारण “मोठ्या कंपनीकडे माहिती सुरक्षित असते” हेही असेच एक रोजचे मत आहे. या धंद्यातली ट्वेन्टीथ्री अँड मी ही सर्वांत नावाजलेली अमेरिकन कंपनी. २००६ साली स्थापन झाली आणि पुढे तिचे दीड कोटीच्या आसपास ग्राहक झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्याकडची चोरी उघडकीला आली. चोरांनी तिजोरी फोडली नव्हती. काही ग्राहकांनी इतरत्र वापरलेलाच पासवर्ड इथेही ठेवला होता. ते जुने पासवर्ड लावून चोरांनी सुमारे १४ हजार खाती उघडली. त्या खात्यांत ‘नातेवाईक शोधा’ अशी सोय होती. तिच्या वाटेने ते सुमारे ६९ लाख माणसांच्या माहितीपर्यंत पोहोचले. सरासरी काढली तर एकेका उघड्या खात्यामागे जवळपास पाचशे माणसे. ही माणसेही कंपनीची ग्राहकच होती, त्यांनी त्या सोयीला होकार दिलेला होता, हे खरे. पण त्यांच्या पासवर्डात काही खोट नव्हती. खोट होती ती कोणा दूरच्या आतेभावाच्या पासवर्डात. आणि चोरबाजारात माल मांडताना चोरांनी काय केले? अश्केनाझी ज्यू वंशाच्या आणि चिनी वंशाच्या ग्राहकांच्या वेगळ्या याद्या केल्या. अल्पसंख्य समाजात जन्मलेल्या वाचकांना या वाक्याचा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. कंपनीच्या वकिलांनी पुढे दोष कोणावर ढकलला, तर पासवर्ड बदलला नाही म्हणून ग्राहकांवर.

मार्च २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा प्रश्न उभा राहिला की विकायला काय आहे? यंत्रे, खुर्च्या, टेबले यांचे कितीसे येणार? विकण्याजोगी मालमत्ता होती ती दीड कोटी लोकांच्या वंशाची माहिती. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीच्या संस्थापिकेनेच उभारलेल्या एका ना-नफा संस्थेने ती सुमारे साडेतीस कोटी डॉलरना घेतली. पूर्वीचेच नियम पाळू, असे नव्या मालकांनी सांगितले आहे. पाळतीलही. पण दिवाळखोरीच्या लिलावात आपल्या आजीचा काही अंश बोलीला लागला, हे ज्याला खटकत नाही त्याला मी काय सांगणार?

येथवर चोरी आणि दिवाळे या बाहेरच्या गोष्टी झाल्या. समजा, कंपनी भक्कम आहे, पासवर्ड मजबूत आहे, चोर नाहीत. तरीही माझा आक्षेप उरतो, आणि तो आपल्याला सर्वांत जवळचा आहे.

आपल्या धर्मग्रामांत नोंदवह्या शतकानुशतके ठेवल्या जात आहेत. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहांची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातल्या कुटुंबांची स्थिती अशा पाच वह्या सांगितल्या. एका अर्थी ही माहिती साठवण्याची फार जुनी यंत्रणा आहे. म्हणून तिने आपल्याला या बाबतीत काय शिकवले ते पाहणे उचित ठरेल. १९८३ च्या धर्मकायद्याचे ८७७ वे कलम अवश्य वाचावे. अविवाहित मातेच्या मुलाचा बाप्तिस्मा असेल, तर तिचे मातृत्व सर्वांना ठाऊक असल्यास, किंवा ती आपण होऊन लेखी वा दोन साक्षीदारांसमोर तशी इच्छा सांगत असल्यासच तिचे नाव लिहावे. पित्याचे नाव अधिकृत कागदपत्राच्या किंवा त्याने स्वतः दिलेल्या जबानीच्या आधाराशिवाय लिहू नये. यांपैकी काहीच नसेल, तर मुलाचे नाव लिहावे आणि आईबापांचा उल्लेख करू नये.

जागा कोरी ठेवण्याची मुभा ज्या वहीला आहे, ती वही मला माणसाच्या हातची वाटते. ज्याने ती जागा कोरी सोडली, त्याला कदाचित सर्व काही ठाऊक असेल. त्या कोऱ्या जागेच्या आधाराने एखादी मुलगी पुढे संसाराला लागली असेल, एखादे लेकरू मान वर करून शाळेत गेले असेल. त्याच कायद्याचे २२० वे कलम प्रत्येकाच्या नावलौकिकाला आणि खासगीपणाला जपावे असे सांगते, ते उगाच नव्हे. लाळेच्या नळीला मात्र कोरी जागा ठाऊक नाही. तिला विचारले काय, न विचारले काय, ती सगळे सांगते. आणि सांगते ते एखाद्या सायंकाळी मोबाइलच्या पडद्यावर, सर्वांच्या देखत, गंमत म्हणून.

मुंबई-पुण्याच्या अनाथालयांतून १९७० आणि १९८० च्या दशकांत कितीतरी मुले युरोप-अमेरिकेत दत्तक गेली. ती आता पन्नाशीला आली आहेत आणि त्यांच्यापैकी काही जण या चाचण्यांच्या साहाय्याने आपल्या जन्मदात्रीचा शोध घेत आहेत. त्यांच्या तहानेला नावे ठेवण्याचे धाष्टर्य माझ्यात नाही. आपण कोणाचे, हे जाणून घेण्याची इच्छा माणसाच्या मुळाशीच आहे. परंतु दुसऱ्या टोकाला एक सत्तरीची बाई आहे. तिला कोणा धर्मभगिनीने शब्द दिला होता की हे या दारापलीकडे जाणार नाही. आपल्या देशाच्या २०२२ च्या दत्तक नियमावलीने दोघांचाही विचार केला आहे : दत्तक मूल अठरा वर्षांचे झाले की स्वतः शोधासाठी अर्ज करू शकते, त्रयस्थाला तो करता येत नाही, आणि हा शोध जन्मदात्यांच्या खासगीपणाच्या हक्कावर अतिक्रमण करणारा नसावा. म्हणजे मधे कोणीतरी माणूस आहे. तो त्या बाईच्या दारी एकटा जाईल, हलक्या आवाजात विचारील आणि तिचे उत्तर घेऊन परत येईल. तिच्या भावाच्या मुलाने परदेशात नळी भरली की हा मधला माणूसच नाहीसा होतो. तिला विचारणारे कोणी उरत नाही. थेट पुतण्यालाच संदेश येतो : आपण जवळचे नातेवाईक दिसतो, आपले नाते काय?

न्यायालयेसुद्धा या दारापाशी थांबतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की घटस्फोटाच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी सरसकट मागता येणार नाही. आपल्या औरसपणाविषयी कोणी उठसूट शंका घेऊ नये हा मुलाचा हक्क आहे. दोन्ही बाजूंचे वकील हजर, कागदपत्रे समोर, वाद खरा, तरीही न्यायमूर्ती कचरतात. आणि जे काम न्यायपीठ सहजासहजी करू धजत नाही, ते आपण नाताळच्या केकबरोबर भेट म्हणून देतो!

या मुद्द्यावर नेहमी एक खुनी पुढे केला जातो. कॅलिफोर्नियात १९७० आणि १९८० च्या दशकांत खून आणि बलात्कार करणारा एक नराधम, जोसेफ डीअँजेलो, एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला, तो जेडमॅच नावाच्या हौशी वंशावळ-संकेतस्थळावर सापडलेल्या दूरच्या नातेवाइकांच्या आधाराने. २०२० साली त्याने तेरा खुनांची कबुली दिली. “पाहा,” लोक म्हणतात, “लपवण्यासारखे होते ते कोणाला?” तो पकडला गेला याचा मला आनंदच आहे. पण त्याच तपासात वर्षभर आधी ओरेगॉन राज्यातल्या एका शुश्रूषागृहातल्या ७३ वर्षांच्या आजारी माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने नमुना घेतला गेला होता. तो निर्दोष होता. त्याचा अपराध इतकाच, की त्याच्या मजकुरातला एक दुर्मीळ तुकडा जुळत होता. हे उदाहरण कोणी देत नाही. खुद्द जेडमॅचलाही लोकांना न विचारता चाललेला हा प्रकार योग्य वाटला नसावा. मे २०१९ मध्ये तिने नियम बदलला आणि जे स्वतः होकार देतील त्यांचेच नमुने पोलिसांना दिसतील असे ठरवले. जुलै २०२० मध्ये कोणी तरी संकेतस्थळात घुसले आणि काही काळ सर्वांचेच नमुने पोलिसांपुढे उघडे पडले. होकार-नकाराला किती आयुष्य असते ते यावरून कळावे. पोलिसांना तपासासाठी काही हवे असेल तर त्यांनी कायद्याने, न्यायाधीशापुढे कारण सांगून मागावे. हौसेच्या वहीतून ते काढून घेऊ नये.

रोगनिदानाचा युक्तिवाद याहून सबळ आहे. थॅलेसिमिया किंवा सिकलसेल यांसारख्या व्याधी घराण्यातून उतरतात आणि त्या वेळेवर कळणे हिताचे असते यात वाद नाही. पण ते काम डॉक्टरांचे. तिथे विचारणारा माणूस समोर बसलेला असतो, कारण ठरलेले असते, निकाल बंद पाकिटात येतो, आणि वाईट निघाला तर तो समजावून सांगायला कोणी असते. त्या दवाखान्यावर माझा काडीमात्र आक्षेप नाही. सोयरीक जुळवताना ‘त्यांच्या घराण्यात काही तरी आहे म्हणे’ अशी कुजबुज आजही आपल्याकडे पुरेशी असते. तिला आता छापील टक्केवारीचा आधार कशाला हवा?

“सगळे आधीच गेले आहे, आता जपून काय उपयोग?” असे म्हणणारांशी वाद घालण्यात मी वेळ दवडत नाही. पावसाळ्यात कौले फुटली म्हणून कोणी भिंतीही पाडत नाही.

मग कायदा काय करतो? कर्नाटकातले एक निवृत्त न्यायमूर्ती, के. एस. पुट्टस्वामी, यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने तेव्हापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायची असे ठरले. दंड मोठा आहे, अडीचशे कोटी रुपयांपर्यंत. मुलांच्या माहितीसाठी पालकांची खात्रीलायक संमती लागेल हेही चांगलेच. पण या कायद्यात आनुवंशिक माहितीला वेगळे, अधिक कडक संरक्षण नाही. आधीच्या २०१९ च्या विधेयकात संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्ग होता, तो गळाला. शिवाय एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागूच होत नाही. पुतण्याची हौस त्या अपवादात बसेल असेच दिसते. आणि टोरांटोतल्या माणसाने अमेरिकन कंपनीला दिलेल्या नळीपर्यंत दिल्लीच्या कायद्याचा हात पोहोचत नाही. तेव्हा कायद्याकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. हा प्रश्न घरातल्या रीतीभातीचा आहे, आणि ती रीत आपणच घालायची आहे.

ती घालणे कठीण नाही. वंशावळ लिहिणाऱ्या काकांनी आपले काम खुशाल चालू ठेवावे. मेलेल्यांची नावे कागदावर उतरवावीत. जिवंत माणसांची, विशेषतः मुलांची, जन्मतारखांसह संगणकावरच्या जाहीर वृक्षात टांगू नयेत. एखादी जागा कोरी राहत असेल आणि ती भरायला म्हातारी आत्या नाखूश असेल, तर तिला पुन्हा विचारू नये. धर्मग्रामाच्या कुटुंबसूचीची छापील प्रत ठीक आहे, पण तीच सूची पत्ते, वये आणि फोन क्रमांकांसह व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याचा उत्साह आवरावा. समाजमंडळांपैकी कोणी ‘आपल्या समाजाचे मूळ शोधू या’ म्हणून सामुदायिक चाचणीची कल्पना मांडलीच, तर सभेत उठून विचारावे की नमुने कोणाकडे राहणार, ते नष्ट कोण आणि केव्हा करणार, आणि ज्याने नकार दिला त्याच्या सख्ख्या भावाने होकार दिला तर नकाराचे काय करणार? या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय बाकीच्या दोनांना हात घालू नये.

आणि ज्यांची मुले, पुतणे, भाचे परदेशात आहेत, त्यांनी येत्या रविवारच्या फोनवर हवापाणी विचारून झाल्यावर एक गोष्ट विचारावी : तू अशी नळी कधी पाठवली होतीस का? पाठवली असेल तर त्याला रागावू नये, कारण त्याने ते कौतुकानेच केलेले असते. ट्वेन्टीथ्री अँड मी दिवाळखोरीकडे झुकली तेव्हा, मार्च २०२५ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या महाअधिवक्त्यांनीच जाहीर सूचना काढून ग्राहकांना आठवण करून दिली होती की आपली माहिती पुसून टाकण्याची आणि उरलेला नमुना नष्ट करण्याची मागणी करता येते. ही सोय खात्याच्या मांडणीतच आहे, पाच-दहा मिनिटांचे काम आहे. मात्र तो अर्ज ज्याने नळी भरली त्याच्याच नावाने करावा लागतो. त्याच्या आत्याला तो करता येत नाही.